‘हिंदू आदिवासी’ : एका कातकरी मुलीच्या जातदाखल्याचे प्रकरण

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात ‘हिंदू आदिवासी’ असे लिहिले होते. पहिलीत नाव घालताना बाप भट्टीवर होता, आई सही येत नाही म्हणून अंगठा देऊन परतली आणि शाळेने आपल्या समजुतीने रकाना भरला. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पण ‘आदिवासी’ नावाची जमात अनुसूचित जमातींच्या यादीतच नाही. महाराष्ट्राच्या यादीत २१ व्या क्रमांकावर काथोडी, कातकरी आणि त्यांचे ढोर व सोन हे पोटभेद आहेत. दाखला मिळतो तो या नावांना. बारा वर्षांपूर्वी लिहिलेल्या त्या दोन शब्दांमुळे मुलीचे नर्सिंगच्या पदवीचे एक वर्ष गेले.

हे प्रकरण एका विशिष्ट घरचे नाही. नवी मुंबईत ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याच्या डोंगराकडेला कातकरी वाड्या आहेत. तिथल्या अर्जांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या अडचणी एका कुटुंबाच्या क्रमाने मांडल्या आहेत. कायदे, तारखा आणि कार्यपद्धती जशी आहे तशीच दिली आहे.

घर आणि त्याचा इतिहास

आजोबा कर्जत तालुक्यातले. साठच्या दशकाच्या शेवटी मुकादमाकडून उचल घेऊन ते वीटभट्टीवर आले, पुढे डोंगरातल्या दगडखाणीवर लागले आणि खाणीच्या वर झोपड्या बांधून राहिले. बाप तिथेच जन्मला. त्याच्या जन्माची नोंद नाही आणि तो शाळेतही गेला नाही. मुलगी घरातली पहिली दहावी पास. ऐरोलीच्या बाजूला कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखा, पुढे बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी द्यायची, असा तिचा बेत.

वाडीच्या पायथ्याशी आज कारखाने आहेत, पलीकडे सिडकोचे शहर. जमिनी गेलेल्या गावकऱ्यांनी १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा दिला, पाच जण हुतात्मा झाले आणि त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. त्या योजनेचा मुख्य हिशेब संपादित झालेल्या जमिनीवर होता. सातबाऱ्यावर नाव नसलेला कातकरी त्या हिशेबात बसलाच नाही. संधीतली विषमता म्हणतात ती इथे अशी साचत गेली: जमीन नाही म्हणून भरपाई नाही, स्थिर घर नाही म्हणून शाळा नाही, शाळा नाही म्हणून कागद नाही, आणि कागद नाही म्हणून ही विषमता कमी करण्यासाठी ठेवलेली राखीव जागाही नाही.

जबाबदारी नेमकी कोणाची

भेदभावाला मनाई करणाऱ्या संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये वंश आणि जात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. वंशभेदाविरुद्धच्या १९६५ च्या आंतरराष्ट्रीय करारात जन्मपरंपरेवरून होणारा भेद घालावा, ही सूचना भारताचीच होती. १९६८ मध्ये भारताने तो करार मान्य केला. २००१ मध्ये डर्बनच्या वंशभेदविरोधी जागतिक परिषदेत मात्र जात म्हणजे वंश नव्हे, अशी भूमिका सरकारने घेतली. हा वाद महत्त्वाचा आहे, पण वाडीतल्या मुलीसाठी तो अनुच्छेद ४६ मध्येच निकाली निघतो: अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक व आर्थिक हिताची विशेष काळजी राज्याने घ्यायची आहे. त्यासाठी राज्यात शिक्षणात आणि नोकरीत अनुसूचित जमातींना ७ टक्के जागा आहेत. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या राज्यातल्या तीन जमाती तर केंद्राच्या अतिअसुरक्षित आदिवासी गटांच्या यादीत आहेत. २०११ च्या जनगणनेत राज्यात कातकऱ्यांची संख्या सुमारे २.८५ लाख होती.

आता यातली गाठ. जातदाखल्यांसाठी राज्याचा २००० चा अधिनियम आहे (२००१ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २३). त्याच्या कलम ८ प्रमाणे आपण त्या जमातीचे आहोत हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे. हा भार उगाच टाकलेला नाही. खोटे दाखले घेऊन आदिवासींच्या जागा बळकावण्याचे प्रकार राज्यात इतके झाले की सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये माधुरी पाटील प्रकरणात पडताळणी समित्या आणि त्यांच्यासाठी चौकशी करणारी दक्षता पथके यांची चौकट घालून दिली. २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने खोट्या दाखल्यावर मिळालेले लाभ राखता येत नाहीत असेही सांगितले. काटेकोर तपासणी ही खऱ्या आदिवासींचीच मागणी आहे आणि ती सैल करावी असे आम्ही म्हणत नाही. प्रश्न वेगळा आहे. कागद तयार करणे, जपणे आणि तपासणे ही तिन्ही कामे सरकारकडे आहेत. शोधण्याचे चौथे काम मात्र निरक्षर बापावर टाकले आहे.

पहिला अर्ज : कागदांचा ढीग, पण जात कुठेच नाही

दहावीनंतर बाप सेतू केंद्रात गेला. सोबत आधार, शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, वीजबिल आणि मुलीचा शाळेचा दाखला. वाडीत सगळ्यांना वाटते की कागद जितके जास्त तितके काम सोपे. पण यांतल्या पहिल्या चार कागदांवर जातीचा रकानाच नसतो. त्यांनी राहणे सिद्ध होते, जमात नाही. पाचव्यावर ‘हिंदू आदिवासी’.

अर्ज ऑनलाइन गेला आणि त्रुटी लागून परत आला: वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला जोडा, १९५० पूर्वीचा पुरावा जोडा. पुन्हा भरला, पुन्हा त्रुटी. तिसऱ्यांदाही तेच. प्रत्येक फेरीला प्रतिज्ञापत्र नव्याने करायला लावले आणि त्यासाठी बाहेर बसलेल्या माणसाने पैसे घेतले. जातदाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, हे बापाला कोणी सांगितले नाही.

‘त्रुटी’ हा शब्द इथे घातक ठरतो. अधिनियमाप्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याने एकतर दाखला द्यायचा किंवा कारणे लेखी नोंदवून अर्ज नाकारायचा. नाकारला तर कलम ५ खाली ३० दिवसांत अपील करता येते. त्रुटी लावून परत केलेला अर्ज धड मंजूर नसतो, धड नामंजूर नसतो. अपील कशावर करायचे हे अर्जदाराला कळत नाही आणि कार्यालयाच्या आकडेवारीत प्रकरण थकीतही दिसत नाही. अशा वेळी करायची गोष्ट एकच: अर्जावर लेखी, कारणांसह आदेश द्यावा असे पत्र द्यायचे आणि त्याची पोच घ्यायची. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली मुदतीत सेवा न मिळाल्याबद्दलही अपील होते. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. या प्रकरणात असे पत्र दिले गेले ते सात महिन्यांनी. तोवर अकरावी संपत आली होती.

चुकीचे प्रांत कार्यालय

लेखी आदेश आला तेव्हा खरे कारण समोर आले. अनुसूचित जमातींसाठी मूळ तारीख ६ सप्टेंबर १९५० आहे, राष्ट्रपतींच्या आदेशाची. त्या दिवशी अर्जदाराचे वाडवडील जिथे कायम राहत होते, तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. कुटुंब नवी मुंबईत, म्हणजे ठाणे तालुक्यात, पन्नास वर्षे राहत असले तरी १९५० मध्ये आजोबा कर्जत तालुक्यात होते. तेव्हा अर्ज कर्जतच्या प्रांताकडे.

पहिल्याच दिवशी खिडकीवर ‘१९५० साली तुमचे आजोबा कुठे होते?’ एवढा एक प्रश्न विचारला असता तर हे सात महिने वाचले असते. स्थलांतर करूनच जगणाऱ्या जमातीसाठी हा प्रश्न अर्जाच्या पहिल्या ओळीत छापलेला असायला हवा.

अभिलेख कक्षातला शोध

इथून पुढचे काम सगळ्यात किचकट आहे. यशही इथेच मिळते, म्हणून ते सविस्तर.

पहिली अडचण गावाची. आजीला वाडीचे नाव आठवत होते. पण वाडी हे महसुली गाव नसते. नोंदी ठेवल्या जातात त्या महसुली गावाच्या नावाने. कर्जतकडे नातलगांकडे जाऊन, तिथल्या तलाठ्याला आणि पोलीस पाटलाला विचारून वाडी कोणत्या महसुली गावात मोडते हे ठरवावे लागले. चुकीच्या गावाचे दप्तर मागितले की ‘नोंद आढळून येत नाही’ असा शेरा मिळतो आणि तो शेरा पुढे अर्जदाराच्याच विरोधात वापरला जातो.

दुसरी अडचण जिल्ह्याची. जुनी दप्तरे ‘कुलाबा जिल्हा’ या नावाने आहेत. रायगड हे नाव १ जानेवारी १९८१ पासूनचे. अर्जात दोन्ही नावे लिहावीत.

मागायचे काय? गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. कातकऱ्यांच्या बाबतीत हाच पुरावा सर्वांत कामाचा. १९५० पूर्वी त्यांची मुले शाळेत क्वचितच गेली, तेव्हा शाळेचा निर्गम उतारा मिळण्याची आशा कमी. जमीन नावावर नव्हती, म्हणजे फेरफार नाही. पण जन्म आणि मृत्यू कोतवालाने नोंदवले. अर्जात एकच साल न देता पंधरा-वीस वर्षांचा पट्टा मागावा, उदाहरणार्थ १९२५ ते १९४५. आजोबांचे आधारवरचे जन्मसाल अंदाजाने लिहिलेले असते. त्यावर भिस्त ठेवू नये.

नोंद शोधताना आडनाव विसरायचे. आज कुटुंब जे आडनाव लावते ते त्या वहीत नसते. तिथे असते ते मुलाच्या बापाचे नाव, आजाचे नाव आणि पुढे ‘कातकरी’ किंवा ‘काथोडी’. बाळाच्या नावाच्या जागी नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. म्हणून पणजोबांचे आणि खापरपणजोबांचे नाव आधी वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांकडून काढून घ्यावे लागते. नावांची रूपेही बदलतात: घरात लहान्या म्हणतात, वहीत लहानू लिहिलेले असते. जुनी पाने मोडी लिपीत असली तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते, आणि मूळ पानाची प्रमाणित नक्कल व लिप्यंतर दोन्ही जोडावे लागतात.

या प्रकरणात हाती लागली ती आजोबांच्या थोरल्या भावाच्या जन्माची नोंद, जातीच्या रकान्यात स्वच्छ ‘कातकरी’. आजोबांची स्वतःची नोंद सापडली नाही. त्या वर्षांची पाने वाळवीने खाल्ली होती. भावाची नोंद चालते, कारण बाप एकच. पण त्यासाठी वंशावळ निर्दोष असावी लागते.

वंशावळीत बहुतेक अर्ज मार खातात. लोक ती ओळखीच्या नावांनी भरतात, कागदावरच्या नावांनी नव्हे. प्रत्येक नावापुढे ते कोणत्या कागदावर कसे लिहिले आहे हे नोंदवायचे. दोन रूपे असतील तर ‘लहान्या ऊर्फ लहानू’ असे प्रतिज्ञापत्रातच स्पष्ट करायचे. मुली, लग्न होऊन गेलेल्या आत्या, लहानपणी वारलेली मुले, सगळी नावे घालायची. वगळलेले नाव पुढे दक्षता पथकाच्या चौकशीत कुणा नातलगाच्या तोंडून निघाले की सगळी वंशावळ संशयास्पद ठरते.

या साऱ्याला बापाच्या अकरा मजुऱ्या बुडाल्या. अभिलेख कक्ष सरकारचा, वही सरकारची, कोतवाल सरकारचा. गावनिहाय नमुना १४ मधल्या कातकरी नोंदी तहसील कार्यालयाने एकदाच काढून वाडीवार यादी केली, तर हाच शोध पुढच्या प्रत्येक घराला नव्याने करावा लागणार नाही. आमच्या मते हे काम अर्जदाराचे नाहीच.

दाखला ते व्हॅलिडिटी

कर्जतहून जातदाखला मिळाला तेव्हा बारावीचा निकाल लागला होता. व्यावसायिक पदवीच्या राखीव जागेसाठी नुसता दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने हा प्रस्ताव अकरावी-बारावीतच महाविद्यालयामार्फत समितीकडे पाठवायचा असतो. हिच्याकडे तेव्हा दाखलाच नव्हता. सीईटीचे गुण राखीव प्रवर्गातून जागा मिळण्याइतके होते. मुदतीत वैधता आली नाही आणि नाव खुल्या प्रवर्गात गेले. तिथली फी घराला झेपणारी नव्हती. ते वर्ष तिने एका दवाखान्यात मदतनीस म्हणून काढले.

कोकण विभागाची अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समिती ठाण्यात आहे. समितीचे समाधान कागदांवर झाले नाही तर प्रकरण दक्षता पथकाकडे जाते. पथक घरी आणि शाळेत चौकशी करते आणि संशोधन अधिकारी जमातीच्या चालीरीती विचारतो: कुलदैवत, लग्नविधी, मर्तिकाचे विधी, बोली. याला आप्तभाव चाचणी म्हणतात.

खाणीच्या कडेला वाढलेल्या मुलीला काताची भट्टी कशी लावत ते कसे सांगता येणार? खैराच्या लाकडापासून कात काढायचा धंदा तिच्या बापानेही पाहिला नाही, आणि जमातीचे नाव तर त्याच धंद्यावरून पडलेले. तिने लग्नाचे विधी शेजारच्या गावात पाहिले तसे सांगितले. अहवालात ‘आप्तभाव आढळून येत नाही’ असा शेरा पडला.

इथे कायदा माहीत असणे उपयोगी पडले. शेऱ्याला लेखी उत्तर देण्याची संधी मिळते. ती कधीही सोडू नये. उत्तरात तीन मुद्दे मांडले. एक, ‘आनंद’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्वातंत्र्यपूर्व कागदांना अधिक वजन दिले आहे, आणि स्थलांतर व आधुनिक राहणीमुळे जुनी लक्षणे पुसट होऊ शकतात हे मान्य केले आहे. दोन, २४ मार्च २०२३ रोजी तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने महाराष्ट्रातल्याच ठाकूर जमातीच्या प्रकरणात आप्तभाव चाचणी ही एकमेव कसोटी नाही असे ठरवले. तीन, शाळेतली ‘हिंदू आदिवासी’ ही नोंद कातकरी असण्याच्या विरोधात जात नाही. ती अपुरी आहे, विसंगत नाही. या तिसऱ्या मुद्द्यावर सुनावणीत सर्वाधिक वेळ गेला. ‘हिंदू मराठा’ लिहिले असते तर गोष्ट वेगळी होती.

वैधता मिळाली. पहिल्या अर्जापासून तीन वर्षे एक महिना.

कोणत्या टप्प्यावर काय व्हायला हवे होते

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती शाळेत होती. मूल पटावर असेपर्यंत जातीच्या नोंदीतली चूक शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने दुरुस्त होऊ शकते. शाळा सोडल्यावर तेच काम फार अवघड होते. म्हणून आठवी-नववीतच प्रत्येक आदिवासी मुलाचा जनरल रजिस्टरचा (शाळेच्या प्रवेश नोंदवहीचा) उतारा मुख्याध्यापकांनी तपासून घ्यावा. नोंदीत जमातीचे नाव यादीत आहे तसेच हवे. ‘आदिवासी’, ‘एस.टी.’ किंवा ‘वनवासी’ असे शब्द तिथे चालत नाहीत.

दुसरी गोष्ट शिबिरांची. १५ नोव्हेंबर २०२३ पासून केंद्राची पीएम-जनमन योजना ७५ अतिअसुरक्षित गटांसाठी सुरू आहे आणि तिच्यात आधार, जातदाखले वगैरेंसाठी शिबिरे घेतली जातात. पण योजनेचा मोठा भाग ग्रामीण साच्यातला आहे. घरकुल ग्रामीण आवास योजनेच्या वाटेने येते. महापालिका हद्दीतली वाडी त्या साच्याला दिसत नाही. नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ ला झाली आणि या डोंगराकडेच्या वाड्या कागदावर शहरी झाल्या. त्यांचे दारिद्र्य शहरी झाले नाही. महापालिका, ठाण्याचे प्रांत कार्यालय, कर्जतचे प्रांत कार्यालय आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय यांची माणसे एकाच दिवशी एकाच मांडवात बसली, तरच अशा वाडीत शिबिराला अर्थ आहे. एकट्या तहसीलदाराचे शिबीर लागले की अर्ज घेतले जातात आणि महिन्याभरात ‘कार्यक्षेत्र नाही’ म्हणून परत येतात.

तिसरे, मंडळ अधिकाऱ्याचा पंचनामा. कागद अजिबात नसलेल्या घरांसाठी वाडीवर जाऊन जमातीतल्या ज्येष्ठांचे जबाब, आधीच दाखले मिळालेल्या नातलगांशी नाते आणि जागेची पाहणी असा स्थानिक चौकशीचा अहवाल प्रांताला उपयोगी पडतो. तो ‘अर्जदार कातकरी असल्याचे सांगतो’ अशा एका ओळीचा नसावा. कोणी काय सांगितले, त्यांचे नाते काय, त्यांचा दाखला क्रमांक काय हे त्यात हवे. एका ओळीच्या पंचनाम्याला पुढे समितीत काहीच किंमत राहत नाही.

मुलीचा धाकटा भाऊ सध्या दहावीत आहे. अपूर्वा निचळे प्रकरणातल्या २०१० च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार रक्ताच्या जवळच्या नातलगाची वैधता त्याच्या कामी येते, फक्त ती वैधता फसवणुकीने मिळालेली नसावी. त्याच्या अर्जाला बहिणीचे वैधता प्रमाणपत्र, तीच वंशावळ, थोरल्या आजोबांची नमुना १४ ची नक्कल आणि शाळेचा दुरुस्त उतारा एवढेच जोडले आहे. अर्ज कर्जतला दिला आहे. वाडीतल्या त्याच्या वर्गातल्या आणखी चार मुलांच्या दाखल्यावर अजून ‘हिंदू आदिवासी’ असेच आहे, आणि शाळा सुटायला सात महिने उरले आहेत.